निवडसमितीपुढील उमेदवार आणि उमेदवारापुढील निवडसमिती

हैदराबाद शहरातील गौलीगुडा हा भाग नावावरून गवळ्यांची जुनी वस्ती वाटतो. परंतु गेल्या शतकात त्याची ओळख झाली ती बसस्थानकामुळे. निजाम राज्य रेल्वेने १९३२ च्या जून महिन्यात रस्ते वाहतुकीचा विभाग सुरू केला, तेव्हा त्याच्याजवळ २७ बसगाड्या व १६६ कर्मचारी होते. आज तेलंगण व आंध्र प्रदेश या राज्यांत जी परिवहन महामंडळे आहेत, त्यांचे मूळ येथे आहे. मिसिसिपी हँगर या नावाने ओळखला जाणारा गौलीगुड्यातील कमानदार पोलादी मंडप या वाहतुकीचे स्थानक झाला. १९९४ साली मुख्य स्थानक जवळच्याच इमलीबन येथे गेले आणि २०१८ च्या जुलै महिन्यात तो मंडप कोसळला. बीदर, उदगीर, नांदेड या बाजूंनी राजधानीत येणाऱ्या कित्येक मराठी माणसांचे पहिले पाऊल त्या मंडपाखाली पडले असेल.

प्रस्तुत लेखाचा विषय बसगाड्या नसून माणसांची निवड हा आहे. तरीही आम्ही गौलीगुड्यापासून आरंभ करतो, कारण तेथून सुटणाऱ्या गाडीवरील कंडक्टरचे काम डोळ्यांसमोर आणले म्हणजे निवडीचा प्रश्न किती बिकट आहे हे चटकन ध्यानात येते. जुन्या हैदराबाद राज्यात तेलुगू, मराठी, कन्नड व उर्दू या चार भाषा नांदत होत्या. निजामाचा हाली सिक्का आणि ब्रिटिशांचा कलदार रुपया अशी दोन चलने होती, आणि १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा त्यांचा दर असे. अशा राज्यात तिकिटे फाडणाऱ्याला हिशेब यावा हे उघडच आहे. पण हिशेब हा त्या कामाचा सोपा भाग होय. उभ्या असलेल्या वृद्धेसाठी जागा मागताना बसलेल्या तरुणाचा अपमान होऊ नये. सुट्या पैशांवरून पेटलेला वाद पुढच्या थांब्यापर्यंत विझावा. दारू पिऊन चढलेल्या उतारूला खाली उतरवताना बाकीच्यांना भीती वाटू नये. आणि हे सारे दिवसातून दहा वेळा घडले तरी अकराव्या उतारूशी बोलताना आधीच्या दहा जणांचा राग आवाजात येऊ नये. ज्या गुणाला अलीकडे भावनिक बुद्धिमत्ता असे नाव मिळाले आहे तो हाच. तो कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेला नसतो. मग मुलाखतीच्या दहा मिनिटांत तो ओळखावा कसा?

आमच्या वाचकांत कंडक्टर निवडणारे क्वचितच असतील. परंतु शाळेतील शिक्षक, वसतिगृहाची अधीक्षिका, इस्पितळातील परिचारिका, मंडळीच्या कचेरीतील लेखनिक यांच्या निवडसमितीवर बसण्याचा प्रसंग पाळकांवर व विश्वस्तांवर वरचेवर येतो, आणि बहुधा कोणतीही पूर्वतयारी नसताना येतो. त्या खुर्चीवर बसले की माणसाची पारख आपोआप येते असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. उमेदवार दारातून आत आला की त्याला ओळखणारे एक ज्येष्ठ सभासद प्रत्येक समितीत असतातच. गेल्या शंभर वर्षांतील संशोधनाने सर्वाधिक धक्का दिला आहे तो याच समजाला.

या संशोधनाचा हिशेब थोडक्यात असा. मुलाखतीत मिळालेले गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामात दिसलेली योग्यता यांचा मेळ किती बसतो, हे शून्य ते एक या मापाने मोजतात. शून्य म्हणजे केवळ नाणेफेक. एक म्हणजे अचूक भविष्य. पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली पूर्वीच्या शेकडो अभ्यासांची फेरमोजणी केली. जिच्यात ज्याला जे सुचेल ते तो विचारतो अशा सैल मुलाखतीचा आकडा त्यात ०.१९ निघाला. जिच्यात प्रश्न कामावरून आधी ठरवलेले असतात, सर्व उमेदवारांना तेच विचारले जातात आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या मापाने गुण दिले जातात, अशा सुसूत्र मुलाखतीचा आकडा ०.४२ निघाला, आणि निवडीच्या सर्व पद्धतींत तो वरच्या स्थानी होता. हा आकडाही काही फार मोठा नव्हे. माणूस इतका सहज हाती लागत नाही, ही गोष्ट आम्हांला तरी दिलासा देणारी वाटते. पण दोन आकड्यांतील अंतर मात्र केवळ प्रश्नांच्या तयारीने पडलेले आहे. त्यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही.

आता सैल मुलाखत कशी चालते ते पाहू. कागद पुढे असतात. ते प्रथमच चाळले जात असतात. चहा येतो. एक सभासद म्हणतात, “तुमच्याविषयी काही सांगा.” दुसरे विचारतात, “घरी कोण कोण असते? वडील काय करतात?” तिसरे, “आमच्याच संस्थेत यावेसे का वाटले?” उमेदवार हसून काही तरी सांगतो, सभासदही हसतात, आणि मग “कळवू” असे म्हणून त्याला निरोप दिला जातो. तो बाहेर गेल्यावर “मुलगा चांगला वाटला” किंवा “काही दम नाही” असा निकाल लागतो. या सर्व संभाषणात कामाविषयी एकही शब्द आलेला नसतो.

यांतील घरच्या मंडळींविषयीचा प्रश्न सर्वांत निरुपद्रवी दिसतो. तो आपुलकीचा वाटतो. समोरच्याचे दडपण कमी व्हावे म्हणूनही पुष्कळदा विचारला जातो. परंतु आम्हांला त्याविषयी जास्त लिहिणे भाग आहे. सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी खासगी कंपन्यांत नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. हे अधिकारी गुणवत्तेखेरीज काहीही पाहत नसल्याचे सांगत, आणि त्याच दमात कौटुंबिक पार्श्वभूमी अवश्य पाहतो असेही सांगत. वडिलांचा व्यवसाय, भावंडांचे शिक्षण, घर शहरातले की खेड्यातले, यावरून माणसाचे संस्कार कळतात अशी त्यांची श्रद्धा होती. जात विचारण्याची त्यांना गरजच नव्हती. ती या उत्तरांतून आपोआप पुढे येत होती. त्याच वर्षी सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांतील जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज केवळ नावे बदलून पाठविले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आढळली, तर मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. म्हणजे काही जणांच्या बाबतीत मुलाखतीच्या खोलीचे दार उघडण्यापूर्वीच मिटलेले असते. जे आत पोहोचतात त्यांना घरचा प्रश्न भेटतो.

आपल्या संस्था यातून मुक्त आहेत असे कोणी समजू नये. “तुमचे कुटुंब कोणत्या मंडळीतले? तुमचे पाळक कोण?” हे प्रश्न धर्मशिक्षकाच्या नेमणुकीत योग्य असतील, गणिताच्या शिक्षकाच्या किंवा वाहनचालकाच्या नेमणुकीत ते घरच्या प्रश्नाचेच धाकटे भाऊ होत. आडनावावरून आपल्याला कोणी तोलले असता किती दुखते, हे आमच्या समाजातील पुष्कळांना वेगळे सांगावे लागत नाही.

न्यायालयांनीही या गोष्टीची दखल घेतली आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि त्याचा निकाल १९८० च्या नोव्हेंबर महिन्यात लागला. तेथे लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाई, आणि तीतही विचारले जाई ते आईवडिलांविषयी व राहण्याच्या ठिकाणाविषयी. अशा प्रवेशांत मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे हे मनमानीचे होईल, असे न्यायालयाने म्हटले. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करणे इष्ट होईल, अशी सूचनाही केली. प्रौढ माणसांना नोकरीसाठी निवडताना मुलाखतीला याहून अधिक वजन असू शकते, हे त्याच न्यायालयाने पुढे १९८१ साली एका निराळ्या प्रकरणात मान्य केले. ध्वनिमुद्रणाची सूचना मात्र फार थोड्यांनी मनावर घेतलेली दिसते. आपले प्रश्न उद्या कोणी ऐकणार आहे एवढ्या जाणिवेनेदेखील निम्मे अनावश्यक प्रश्न ओठांवरच राहिले असते, असे आम्हांस वाटते. दुसरे प्रकरण आयुर्विमा महामंडळाचे. तेथील अर्जाच्या नमुन्यात स्त्री-उमेदवारांना मासिक पाळी, गर्भारपण, गर्भपात यांविषयीचे तपशील विचारलेले होते. हे रकाने स्त्रीच्या लज्जेला व प्रतिष्ठेला धक्का देणारे आहेत असे ठरवून ते काढून टाकावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुचविले. लेखी नमुन्यातून जे गेले ते तोंडी प्रश्नांतून मात्र सर्वत्र गेलेले नाही. “लग्नाचे काय ठरले आहे?” हा प्रश्न तरुण परिचारिकांना अजूनही विचारला जातो, आणि तिच्याबरोबर आलेल्या तरुण परिचारकाला तो विचारला जात नाही.

यावरून आम्ही एक कसोटी मांडू इच्छितो. प्रश्न उच्चारण्यापूर्वी समितीने स्वतःस विचारावे: याचे उत्तर कसेही आले तरी त्याने या कामाविषयी आम्हांला काय कळणार आहे? उत्तर देता येत नसेल तर तो प्रश्न कितीही गोड असला तरी सोडून द्यावा.

प्रश्नांचे प्रकार लक्षात घेतले तर ही कसोटी लावणे सोपे जाते. काही प्रश्न बंदिस्त असतात. त्यांचे उत्तर होय, नाही किंवा एखादा आकडा. पदवी आहे काय, नोंदणी चालू आहे काय, रात्रपाळी चालेल काय? हे प्रश्न आवश्यक आहेत, पण त्यांची जागा अर्जाच्या कागदावर आहे, खोलीत नव्हे. हैदराबादेत या प्रकारच्या एका प्रश्नाने मोठा इतिहास घडविला आहे. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी मुल्की म्हणजे स्थानिक माणसालाच मिळावी असा नियम होता. त्यासाठी राज्यातील जन्म किंवा १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. “मुल्की आहात काय?” या प्रश्नाच्या मुळाशी खऱ्या गाऱ्हाण्यांची न्याय्य बाजू होती, हे आम्ही नाकारत नाही. परंतु सारा निकाल एका होय-नाहीवर लटकला की दाखले खोटे होऊ लागतात आणि प्रश्न पेट घेतो. १९५२ साली वरंगळ येथील शिक्षकांच्या नेमणुकांवरून उठलेले आंदोलन राजधानीत पोहोचले, आणि सप्टेंबर महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. शिक्षक वर्गात कसा शिकवतो, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू येणे शक्यच नव्हते.

दुसरा प्रकार सूचक प्रश्नांचा. “तुम्हांला मुले आवडतात ना?” “आमच्याकडे शिस्त कडक आहे, चालेल ना?” येथे उत्तर प्रश्नातच वाढून ठेवलेले आहे, उमेदवाराने फक्त ते उचलायचे. मोकळे प्रश्न, म्हणजे “तुमच्याविषयी सांगा” या जातीचे, याच्या उलट टोकाला असतात. ते बोलक्या माणसाला लाभतात, आणि ज्याने घरी आरशापुढे सराव केला आहे त्याला तर फारच. आपल्यातील दोष सांगा असे विचारले की आजकालचे उमेदवार “मी कामात फार बारकाईने लक्ष घालतो, हाच माझा दोष” असे सांगतात; आणि गंमत म्हणजे समितीला ते पटते.

खरे उपयोगी प्रश्न दोन प्रकारचे. १९५४ साली जॉन फ्लॅनॅगन यांनी कामाचा अभ्यास करण्याची एक रीत मांडली. एखादे काम करणाऱ्या व करवून घेणाऱ्या माणसांना विचारावे की, या कामात कोणी फार चांगले किंवा फार वाईट वागल्याचा प्रत्यक्ष घडलेला प्रसंग सांगा. असे प्रसंग गोळा केले म्हणजे ते काम खरोखर कोठे अडते ते समजते. या सामग्रीवरून गॅरी लेथम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली, लाकूड कापण्याच्या गिरण्यांतील कामगारांवर अभ्यास करून, प्रसंगाचे प्रश्न तयार केले: अशी अशी अडचण आली, तर तुम्ही काय कराल? चांगले, मध्यम व वाईट उत्तर कोणते, हे आधीच लिहून ठेवलेले असे. टॉम जान्झ यांनी १९८२ साली याला वेगळे वळण दिले. काय कराल हे विचारण्यापेक्षा, काय केलेत हे विचारा. माणसाच्या पुढील वागण्याचा उत्तम अंदाज त्याच्या मागील वागण्यावरून येतो, असे त्यांचे म्हणणे.

आता पुन्हा गौलीगुड्याकडे येऊ. समजा, तेथील गाड्यांसाठी कंडक्टर निवडायचा आहे. “तुम्हांला राग येतो का?” असे विचारले, तर सर्व उमेदवार शांतिसागर निघतील. त्याऐवजी असे विचारावे: “गाडी भरलेली आहे. एका उतारूने मोठी नोट दिली, तुमच्याजवळ सुटे नाहीत. तो म्हणतो, तुम्ही मुद्दाम पैसे अडवता, आणि बाकीचे त्याला दुजोरा देऊ लागतात. पुढचा थांबा दहा मिनिटांवर आहे. तुम्ही काय कराल?” यावर एक जण सांगेल, मी त्याला नियम दाखवीन. दुसरा सांगेल, मी वाद न घालता सरळ पुढे जाईन. तिसरा सांगेल, तिकिटाच्या मागे बाकी लिहून देईन, सर्वांना ऐकू जाईल असे सांगेन की उतरण्यापूर्वी पैसे मिळतील, आणि पुढच्या उतारूंकडून सुटे गोळा करीत येईन. तिसऱ्याने उतारूचा संशय ओळखला, तो चारचौघांत बोलून दाखवला गेला आहे हेही ओळखले, आणि उपाय चारचौघांतच केला. आपण भावनिक बुद्धिमत्ता शोधत होतो ती या उत्तरात आहे. त्याच्या हास्यात नाही, हस्तांदोलनात नाही.

ज्याने पूर्वी नोकरी केलेली आहे त्याला घडलेल्या प्रसंगाविषयी विचारावे. “तुमच्यावर कोणी अन्यायाने चिडले होते अशी एखादी वेळ सांगा.” येथे पाठपुराव्याचे प्रश्न महत्त्वाचे. ते नेमके काय म्हणाले? तुम्ही त्या क्षणी काय केलेत? त्यानंतर काय झाले? पुन्हा त्यांच्याशी गाठ पडली तेव्हा कसे बोललात? रचलेली गोष्ट तिसऱ्या प्रश्नाला विरघळू लागते. घडलेल्या गोष्टीत नावे, वेळा, आवाज अशा बारीकसारीक खुणा निघत राहतात. आणि प्रसंग नोकरीतलाच हवा असा आग्रह धरू नये. जिने आजारी सासूची दहा वर्षे सेवा केली तिच्याजवळ वसतिगृहाच्या अधीक्षिकेला लागणारे प्रसंग पुष्कळ असतात. ते सांगावेत की नाही हे तिने ठरवावे, आम्ही तिच्या घरात डोकावून नव्हे.

भावनिक बुद्धिमत्ता या शब्दाविषयी थोडे सावधपणे लिहिले पाहिजे, कारण तो आता बाजारात फार स्वस्त झाला आहे. पीटर सॅलोवे व जॉन मेयर यांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय निबंधात मांडली. पुढे त्यांनी तिची चार अंगे सांगितली: स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, विचार करताना त्यांचा उपयोग करून घेणे, त्या कशा उगवतात व बदलतात हे समजणे, आणि त्यांना योग्य वाटेने नेणे. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी पोहोचली, आणि यश मिळवण्यासाठी हीच बुद्धी सर्वांत मोलाची, असा प्रवाद पसरला. पुरावा इतका उदार नाही. डेना जोसेफ व डॅनियल न्यूमन यांनी २०१० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असे दिसले की ज्या कामात दिवसभर माणसांशी आणि त्यांच्या मनःस्थितीशी गाठ पडते तेथे ही क्षमता उपयोगी ठरते. इतर कामांत तिचा फारसा लाभ दिसत नाही. म्हणून परिचारिका, शिक्षक, अधीक्षिका, कंडक्टर यांच्यासाठी तिचा शोध घ्यावा. हिशेबनिसाकडे ती असली तर आनंद. नसली तर त्याचे ताळेबंद चुकतील असे नाही. आणखी एक घोटाळा टाळावा. गोड बोलणे म्हणजे ही बुद्धिमत्ता नव्हे. मुलाखतीत समितीचा कल ओळखून तिला रुचेल तेच बोलणारा माणूस आपली भावनिक चतुराई वापरत असतोच, पण ती स्वतःसाठी. वसतिगृहातील रडणाऱ्या मुलीसाठी तो ती वापरील काय, हे त्याच्या गोडव्यावरून कळत नाही.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना येथे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय आठवेल. मंडळीचे अध्यक्ष व सेवक कसे असावेत याची जी यादी तेथे आहे, तीत शिकवण्याची हातोटी वगळली तर जवळजवळ सर्व गुण वागणुकीचे आहेत: भांडखोर नसावा, सौम्य असावा, पाहुण्यांचे स्वागत करणारा असावा, बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. यांपैकी एकही गुण समोर बसवून दहा मिनिटांत तपासता येण्याजोगा नाही. सर्व शेजारपाजारच्यांना ठाऊक असणारे आहेत. म्हणूनच सेवकांची आधी पारख व्हावी असे तेथे सांगितले असावे. मुलाखतीच्या जोडीला पूर्वीच्या ठिकाणी चौकशी, आणि शक्य तेथे दोन-तीन दिवस प्रत्यक्ष काम करून पाहणे, यांचे महत्त्व आम्हांला याच दृष्टीने वाटते. शिफारसपत्र हे चौकशीचे काम करीत नाही. पूर्वीच्या मुख्याध्यापकांना मात्र घडलेल्या प्रसंगाचाच प्रश्न विचारावा, “कसे आहेत?” असे विचारले तर ते “चांगले आहेत” असेच म्हणणार.

इतके झाल्यावरही खुर्चीवर बसलेल्या माणसाचा प्रश्न उरतोच. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी सैन्यातील अधिकारी आपल्या हाताखालच्यांना गुण कसे देतात ते तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांना स्वतंत्र गुण द्यावयाचे होते; पण एक गोष्ट आवडली की बाकीच्या सर्व वर चढत. इशायाचा थोरला मुलगा अलियाब समोर येताच शमुवेलासारख्या संदेष्ट्यालाही त्याच्या उंचीची भुरळ पडली होती, मग समितीच्या सभासदाचे काय! यावर उपाय साधा आहे. प्रत्येक उत्तराला उत्तर संपताच, एकमेकांशी न बोलता, आपापल्या कागदावर गुण लिहावेत. चर्चा त्यानंतर. ज्येष्ठ सभासदांनी शेवटी बोलावे.

पण सर्वांत मन अस्वस्थ करणारा प्रयोग १९७४ सालचा. कार्ल वर्ड, मार्क झॅना व जोएल कूपर यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे गोऱ्या विद्यार्थ्यांना मुलाखती घ्यायला लावले. उमेदवार काळा असला तर ते नकळत खुर्ची दूर ठेवीत, बोलताना अधिक अडखळत आणि मुलाखत लवकर आटोपती घेत. मग प्रयोग उलटवण्यात आला. मुलाखतकारांना शिकवून तयार केले आणि समोर गोरे उमेदवार आणले. काहींशी जवळ बसून आपुलकीने, तर काहींशी त्या आधीच्या तुटक रीतीने बोलायला सांगितले. ज्यांच्याशी तुटकपणे बोलले गेले ते गोरे उमेदवारही घाबरले, अडखळले आणि तपासनिसांच्या दृष्टीने अपात्र ठरले. म्हणजे “काही दम नाही” हा जो शेरा आपण उमेदवाराच्या नावापुढे लिहितो, त्यातील काही भाग आपल्याच खुर्चीने, घड्याळाकडे पाहण्याने आणि आवाजाने घडवलेला असतो. भावनिक बुद्धिमत्तेची पहिली परीक्षा टेबलाच्या अलीकडे चाललेली असते.

हैदराबादच्या मराठी उमेदवाराच्या बाबतीत ही गोष्ट भाषेतून घडते. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनीसारखी शाळा उभी केली, तेव्हापासून या शहरात मराठी शिक्षणाची परंपरा आहे. तरीही गौलीगुडा, जांबाग, कोठी या भागांत वाढलेल्या मुलाच्या मराठीत उर्दूचे शब्द आणि तेलुगूचा हेल येणारच. (दखनी उर्दूतील ‘नक्को’ हा तर आपला ‘नको’च होय, देवघेव दोन्ही बाजूंनी झाली आहे.) हाच मुलगा पुण्याच्या किंवा नगरच्या समितीपुढे उभा राहिला की त्याच्या तोंडून दुसरे वाक्य निघण्याआधी एखाद्या सभासदाच्या ओठांवर स्मित येते. त्याला ते दिसते. मग तो शब्द निवडून, थांबून थांबून बोलू लागतो, आणि समितीला तो मंद वाटतो. वास्तविक चार भाषांच्या गर्दीत वाढलेला हा मुलगा इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीवर बसवला तर त्याचे मोल कळेल. ज्या पदासाठी प्रमाण मराठी लेखन लागते त्यासाठी त्याच्याकडून एक पत्र लिहून घ्यावे. बोलीवरून ते ठरवू नये.

मुलाखतच नको, असाही एक मार्ग आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या भरतीतील मुलाखती बंद केल्या. वशिला व पैसा यांना आळा घालण्यासाठी हे झाले, आणि वाईट मुलाखतीपेक्षा मुलाखत नसलेली बरी हे आम्हांलाही मान्य आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मात्र २०२५ पैकी २७५ गुण अजूनही प्रत्यक्ष भेटीला आहेत. आपल्या लहान संस्थांना लेखी परीक्षेची मोठी यंत्रणा परवडत नाही. त्यांच्यापुढे खरी निवड आहे ती सैल मुलाखत आणि तयारीची मुलाखत यांतली. तयारी म्हणजे पाच-सहा प्रश्नांचा एक कागद आणि त्यांच्या चांगल्या-वाईट उत्तरांचे नमुने. एका संध्याकाळचे काम.

त्या कागदाच्या शेवटी थोडी जागा उमेदवाराच्या प्रश्नांसाठी ठेवावी. पगार किती व केव्हा मिळतो, सुटी कशी मिळते, पूर्वीच्या माणसाने नोकरी का सोडली, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि विचारले म्हणून त्याचे गुण कापू नयेत. निकाल कोणत्या तारखेला कळेल ते त्याला तेथेच सांगावे. रात्रीच्या बसने आलेल्याला भाडे देता आले तर द्यावे. निवड न झालेल्यांची पत्रे निवड झालेल्याच्या पत्राबरोबर त्याच दिवशी टपालात पडावीत, आणि गुणांचे कागद निदान एक वर्ष कपाटात राहावेत. कोणी विचारायला आले तर दाखवता येतील असे.